दुधाचा भाव वर गेला

"कोणी गेलं का तुमच्याकडचं, मावशी?" नव्या मोलकरणीनं विचारलं तेव्हा लाउरी वाकून माप ओतत होती. शब्द कानात शिरले, पण अर्थ लागायला वेळ लागला. पोरगी गावाकडून नुकतीच आलेली दिसत होती. गाल अजून लाल होते, आणि तोंडावर थट्टेचा मागमूस नव्हता. मग तिलाच अवघडल्यासारखं झालं. ती म्हणाली, "नाही, आमची आजी गेली तेव्हा आईनं वर्षभर तिचाच झगा अंगावर घातला होता. असलाच, जुन्या तऱ्हेचा. म्हणून विचारलं." लाउरी म्हणाली, कोणी गेलं नाही. पोरीनं दुधाचं भांडं उचललं, पायानं दार लोटलं, आणि तळघराच्या पायऱ्यांवर लाउरी एकटीच उरली. दोन्ही बाजूंना दोन भल्यामोठ्या फुगलेल्या बाह्या, खांद्यावर कावड, कावडीला दोन बादल्या. पोरगी हसली नव्हती. या पायऱ्या उतरल्या की आतून कोणीतरी हसायचं, स्वयंपाकघरातून आणखी कोणाला तरी हाक मारायचं, आणि मग लाउरी खांदा जरा वळवून त्यांना बाही दाखवायची. आजसुद्धा दार उघडताच खांदा सवयीनं वळलाच होता. तो तसाच वळलेला राहिला.

वर रस्त्यावर आल्यावर तिनं पहिल्यांदा नीट बघितलं. समोरून दोन बायका येत होत्या, चांगल्या घरच्या. त्यांचे दंड दिसत होते. म्हणजे कापड होतंच, पण कातडीसारखं चिकटलेलं, खांद्यापासून कोपरापर्यंत सोलल्यासारखं. त्यांच्या मागून एक शिंपीण, तिचेही तसेच. भट्टीचं दार अवेळी उघडलं की पाव बसतो, तशा साऱ्या लंडनच्या बाह्या बसल्या होत्या. कधी बसल्या? तिला आठवू लागलं की वसंतापासून पाववाल्याचा गडी शीळ घालत नव्हता. कोपऱ्यावरचे गाडीवाले तिला पाहून 'सांभाळ, उडशील' म्हणायचे, ते हल्ली आपापसांतच बोलत बसायचे. तिला वाटलं होतं, सवय झाली असेल त्यांना. सवय आणि विसर यांत काय फरक असतो हे तिनं कधी मनाशी तपासून पाहिलं नव्हतं. तिनं आरोळी दिली. आवाज निघाला तो दुसऱ्याच कोणाचा तरी असावा तसा, वरच्या खिडक्यांना आपटून खाली पडला.

काही वर्षांपूर्वी हा झगा मॉन्मथ स्ट्रीटला जुन्या कपड्यांच्या दुकानाबाहेर आकड्याला टांगलेला होता. लोण्याच्या रंगाचा, पण हिवाळ्यातल्या पांढुरक्या लोण्याच्या नव्हे. मे महिन्यात गाई पहिल्या हिरव्या गवतावर जातात तेव्हाचं जे लोणी असतं, त्याच्या रंगाचा. लंडनला आल्यापासून तिनं तसलं लोणी पाहिलं नव्हतं. इथल्या गाई गोठ्यातच जन्म काढत आणि दारूभट्टीवाल्यांचा चोथा खात. वाऱ्यानं बाह्या फुगल्या आणि हळूहळू खाली बसल्या, जणू आकड्यावरचं ते रिकामं कापड श्वास घेत होतं. लाउरी उभी राहिली आणि तिला तो झगा हवासा वाटला. पुढं सगळ्यांनी तिला कारण विचारलं. प्रार्थनामंदिरातल्या वडीलधाऱ्यांनी विचारलं, शेजारणीनं विचारलं. कोणाचं लग्न होतं का, कोणाला दाखवायचं होतं का, कोणाची बरोबरी करायची होती का? कारण नव्हतं. दिवसभर खांद्यावर वजन वाहणाऱ्या बाईला हवा अंगावर घालता येते हे कळलं होतं, एवढंच. ते तिला ना आपल्या मायबोलीत, वेल्शमध्ये सांगता आलं, ना इंग्रजीत. बाह्यांच्या आत बांधायच्या पिसांच्या दोन उश्याही दुकानदारानं दिल्या. घरी तिनं तो घातला, उश्या बांधल्या, आणि खोलीच्या मधोमध हात किंचित लांब धरून उभी राहिली, कारण ते अंगाला लावताच येत नव्हते. गेथिन, तिचा नवरा, कामावरून आला. तो तेव्हा दारू गाळणाऱ्यांच्या कारखान्यात पिंपं लोटायचा. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "घरमालकाला सांगून हे दार रुंद करून घ्यावं लागेल." दोघंही हसली. खूप हसली. खाली राहणाऱ्यांनी छताला झाडू आपटला तेव्हा कुठं थांबली.

एका सोमवारी रोजचा झगा वाळला नव्हता म्हणून ती हा घालून फेरीवर गेली. एवढंच घडलं होतं. त्या सोमवारीच एका चौकातल्या लोखंडी कुंपणापाशी एक तरुण माणूस हातात कागद घेऊन उभा होता. तो वर पाहायचा, कागदावर काहीतरी उतरवायचा, पुन्हा वर पाहायचा. ती जवळून जाऊ लागली तेव्हा त्यानं हात वर करून "जरा थांबा हं" म्हटलं होतं, आणि ती थांबली होती. हलली नव्हती. उन्हात बाह्या पेटल्यासारख्या पिवळ्या दिसत असणार हे तिला आतून कळत होतं. त्या माणसानं आपल्याला सुंदर म्हणून थांबवलं, असंही तिला क्षणभर वाटलं. ती गोष्ट तिनं नंतर कोणालाच सांगितली नाही, गेथिनलाही नाही. काही आठवड्यांनी स्ट्रँड या मोठ्या रस्त्यामागच्या गल्लीत छापील चित्रांच्या दुकानाच्या काचेपुढे गर्दी होती, आणि गर्दीतल्या एका कोळशेवाल्यानं मागं वळून तिला पाहिलं. मग त्यानं शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं.

काचेआड ती होती. कावडीसकट आकाशात उडत होती. बाह्यांत वारा भरला होता आणि पाय धुराड्यांच्याही वर लोंबत होते. बादल्या कलंडून दूध खाली एका नटव्या बाईच्या टोपीवर पडत होतं, आणि ती बाईसुद्धा तसल्याच बाह्यांनी जमिनीवरून वीतभर उचलली गेली होती. दूधवालीचं नाक बसकं आणि पिकल्या बीटासारखं लाल. लाउरीनं आधी काय पाहिलं, तर रंग. झग्याचा पिवळा बरोब्बर तोच होता, आणि तेवढ्यापुरतं तिला बरं वाटलं. मग तिनं शेजारच्या एका सभ्य गृहस्थाला विचारलं की खाली काय लिहिलंय. त्यानं मोठ्यानं वाचलं, "दुधाचा भाव वर गेला!" आणि वाचता वाचता त्याची नजर तिच्याकडे वळली. त्यानं एक पाऊल मागं घेऊन टोपी काढली, जशी राणीसाठी काढतात तशी, आणि गर्दीनं तिच्याभोवती गोल केला. मधोमध उभं राहून तिला वाटलं, आता खरंच उडता आलं तर बरं.

संध्याकाळी ती गेथिनला तिकडं घेऊन गेली. आपण रडू आणि तो रागावेल, काच फोडतो म्हणेल, आपण त्याला आवरू, अशा कल्पनेनं ती चालत होती. तो काचेपुढे उभा राहिला. बराच वेळ पाहिलं. आणि त्याच्या ओठाच्या कोपऱ्याशी हसू आलं. लगेच त्यानं ते गिळलं, कंठमणी वरखाली झाला, पण तिनं पाहिलं होतं. रस्ताभर ती त्याच्या चार पावलं पुढं चालली. घरी तो काहीतरी समजुतीचं बोलू लागला तेव्हा तिनं ओरडून सांगितलं, मला थोपटू नकोस. तो हसला असता, खोलीत त्या पहिल्या दिवशी हसला होता तसा मोकळा हसला असता, तर तीही हसली असती आणि ते चित्र दोघांचं झालं असतं, असं तिला पुढं कित्येकदा वाटलं. पण हसू गिळणारा माणूस म्हणजे गर्दीतलाच एक, फक्त घरात राहणारा. त्या रात्रीपासून तिनं त्याच्या तोंडाकडे नीट पाहणं सोडलं.

झगा पेटीत गेला असता, पण ती जिथून दूध न्यायची त्या गोठ्याच्या मालकीणबाई, टॅप्सेलबाई, यांचं डोकं धंद्याचं होतं. त्यांनी चित्र पाहिलं होतं. "अगं, लाजतेस कसली? जिवंत जाहिरात आहेस तू," त्या म्हणाल्या. त्यांनी लाउरीला मागच्या गल्ल्यांमधून काढून मोठ्या चौकांची फेरी दिली, मात्र झगा रोज घालायचा या अटीवर. पहिल्या दिवशी ती मान खाली घालून गेली. पण घराघरांतून लोक हसत बाहेर आले, पोरांना दाखवायला उचलून घेतलं, आणि बादल्या निम्म्या वाटेतच रिकाम्या झाल्या. लोकांना चित्रातली बाई हवी होती, आणि लाउरीपाशी तिचा झगा होता. एक दिवस कोणीतरी म्हणालं, नाक तेवढं लाल नाही बुवा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बीटाची फोड नाकावर घासली. चुलीपाशी बसलेला गेथिन पाहत होता. तो उठून कामावर गेला. प्रार्थनामंदिरातल्या वडीलधाऱ्यांनी निरोप धाडला की अशा वेशात रस्त्यावर फिरणाऱ्या बहिणीनं विचार करावा. तिनं विचार केला नाही, रविवारी जाणंच बंद केलं. हळूहळू तिला चित्रातल्या बाईच्या लकबी सापडत गेल्या. एक पाय किंचित उचलून उभं राहायचं, वारा आला की कावड घट्ट धरून डोळे मोठे करायचे. बाह्यांखाली कावडीचं लाकूड घासून कापड विरलं की ठिगळ लावायचं, ठिगळ विरलं की त्यावर ठिगळ. पिसांच्या उश्यांना दुधाचा आंबूस वास धरला. गेथिनचं कंबरडं पिंपाखाली सापडून मोडलं, तो घरी बसून खुर्च्यांचे वेत विणू लागला, आणि तेव्हाही ती फेरीवरून आली की दोघांमध्ये आधी त्या बाह्या यायच्या. ती त्या उतरवून खुंटीला लावायची, आणि अंधार पडल्यावर कधी कधी तिला वाटायचं, खोलीत आपण तिघं राहतो.

आणि आता एक पोरगी विचारत होती, कोणी गेलं का.

फेरी अर्धीच टाकून ती चित्रांच्या दुकानाकडे वळली. काय बघायचं होतं कोण जाणे. आपण अजून टांगलेल्या आहोत का, एवढंच असेल. काचेत दुसरी चित्रं होती. एका चित्रात काडीसारख्या बायका चहा पीत बसल्या होत्या, आणि बाह्या इतक्या तंग की कप तोंडापर्यंत नेणं जमत नव्हतं, नोकर त्यांना चमच्यानं पाजत होते. दोन माणसं ते पाहून हसत होती. कावड बाहेर ठेवून, बाह्या दारातून तिरप्या करून ती आत गेली. दुकानदाराला चित्राचं नाव सांगितलं. तो म्हणाला, ते संपलं. ते छापायचा तांब्याचा पत्रा मागून ठोकून, घासून गुळगुळीत केला. हे चहाचं चित्र आहे ना, ते त्याच पत्र्यावर कोरलंय. उरलेल्या प्रती पेट्यांच्या कारागिरानं नेल्या, अस्तराला. आणि मग तिच्याकडे जरा निरखून पाहत त्यानं आतल्या बाजूला मान वळवली आणि म्हणाला, "फ्रेवेनसाहेब, तुमचं काम आलंय बघा."

आत खिडकीपाशी एक जाडा, टकला माणूस पत्रा कोरत बसला होता. मधल्या काळात सुटला असेल, टक्कल पडलं असेल, असं ती मनाशी जुळवत होती, कारण कुंपणापाशी उभा होता तो सडपातळ होता. लाउरी म्हणाली, "तुम्ही मला काढलं होतं."

"मी? कधी?"

"दुधाचा भाव वर गेला."

"हां, ते!" त्याला स्वतःचं चित्र आठवून बरं वाटलं. "छान चाललं होतं ते. पण बाई, ते तुमच्यावरून नाही काढलं."

ती म्हणाली, मी थांबले होते, तुम्ही थांबा म्हणालात. तिनं चौकाचं नाव सांगितलं, कुंपण सांगितलं, सोमवार सांगितला. तो ऐकत होता, सौजन्यानं, हातातलं काम न थांबवता. मग म्हणाला की ते चित्र काढलं तो सगळा हिवाळा पाय मुरगळून मी अंथरुणात होतो. दुकानानं रंगांच्या बाटल्याही त्याच सुमारास भरून घेतल्या होत्या आणि पिवळा फार झाला होता, म्हणून झगा पिवळा. "कोणावरूनच नाही काढलं. छताकडे बघत पडलो होतो, तिथं ओल आली होती, त्या डागात ती बाई दिसली. बस्स."

त्या हिवाळ्यात तिनं झगा घेतलाही नव्हता, तो अजून दुकानाबाहेर आकड्याला होता. लाउरी त्याच्या हाताकडे पाहत होती. तो डाव्या हातानं काम करत होता. कुंपणापाशी उभ्या असलेल्या माणसाचा वर झालेला हात डावा होता, कागद त्यात होता, आणि लेखणी उजव्या हातात. तिला ते इतकं स्वच्छ दिसलं की तिनं डोळे मिटले. मग आणखी दिसलं. तो माणूस तिच्याकडे नव्हे, तिच्या डोक्यावरून मागच्या घराकडे पाहत होता, ओठ हलवत. खिडक्या मोजत होता. खिडक्यांवर कर असतो, त्याची मोजदाद करणारा कोणीतरी कारकून. ती मधून हलली की त्याची मोजणी चुकणार होती, म्हणून थांबा.

"तसं म्हटलं तर," फ्रेवेन मान तिरकी करून म्हणाला, "दिसता खऱ्या तिच्यासारख्या. नाकाला काही लावलंय का?"

घरी आली तेव्हा अजून उजेड होता. गेथिन खुर्ची उलटी धरून वेत ओढत होता. तिनं कावड टेकवली, पण झगा उतरवला नाही, तशीच उभी राहिली आणि जे घडलं ते सांगितलं. सगळं, खिडक्या मोजणाऱ्या माणसामुळे आपल्याला काय वाटलं होतं तेही. वेताचं टोक त्याच्या बोटांत होतं. ते त्यानं आधी नीट खोवलं.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"काय?"

"ती तू नव्हेस ते. बघितल्याबरोबर कळलं. नाक नाही, हनुवटी नाही, काहीच नाही तुझं. झगा तेवढा सारखा. मला इतकं हायसं वाटलं की हसूच आलं तिथं. मग तुझं तोंड पाहिलं आणि दाबलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं."

आणि तिला आठवलं. त्या रात्री तो म्हणाला होता, ती तू नाहीस, लाउरी. पलंगाच्या कडेला बसून, तिच्या पाठीवर हात ठेवून, पुन्हा एकदा, ती तू नाहीस. नवरे बायकांना म्हणतात तसं तिला ते वाटलं होतं. लोक म्हणोत काही, माझ्यासाठी तू तशी नाहीस, या अर्थाचं. त्यावरच तिनं ओरडून सांगितलं होतं, थोपटू नकोस. त्यानं शब्दाला शब्द खरं सांगितलं होतं, आणि तिनं त्यातला लाडच तेवढा ऐकून झिडकारला होता.

"दुसऱ्या दिवशी सांगायचंस," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "त्याच्या पुढच्या दिवशी. इतके दिवस होते."

"सांगणार होतो. मग तू बीट घेऊन बसलीस." त्यानं खुर्ची सरळ केली, तिच्यावर हात दाबून पाहिला. "आणि नंतर तू तीच झालीस ना. मग काय सांगणार?"

पहिल्यांदाच, कित्येक वर्षांनी, ती त्याच्या तोंडाकडे पाहत होती. ते तोंड म्हातारं झालं होतं. गालांची हाडं वर आली होती, डाव्या डोळ्याखाली एक नवा डाग होता, नवा म्हणजे किती जुना कोण जाणे. हे सगळं आपल्या पाठीमागं झालं, असं तिला वाटलं. तिनं उश्यांच्या गाठी सोडल्या. पिसं गोळा होऊन दगडासारखी झाली होती. गेथिननं तिच्याकडे पाहिलं नाही, पाण्याचं भांडं चुलीवर ठेवायला तो कमरेवर हात देऊन उठला, आणि तिला मदत करावीशी वाटली, पण ती हलली नाही. कुठून सुरुवात करतात ते आठवेना.

सकाळी तिनं करडा झगा घातला. गोठ्यात टॅप्सेलबाईंनी पाठमोरं पाहून "कोण गं तू?" म्हटलं, मग ओळखून खांदे उडवले. म्हणाल्या, बरंच झालं, तो विनोद आंबलाच होता. पुढच्या आठवड्यापासून मागच्या गल्ल्या घे, चौकांत मी कोणी तरणी पोर पाठवीन. कावड खांद्यावर घेतली तेव्हा लाकूड थेट हाडाला लागलं. दंडांना गार वारा लागत होता. इतके बारीक दंड आपले आहेत हे तिच्या लक्षातच नव्हतं. रस्त्यानं कोणी वळून पाहिलं नाही. ती चालत होती आणि लोकांच्या नजरा तिच्यातून पलीकडे जात होत्या, आणि तिला भीती वाटली तसंच सुटल्यासारखंही वाटलं, आणि यांतलं कुठलं जास्त ते तिला ठरवता येईना.

कोपऱ्यावरच्या मोठ्या घरी स्वयंपाकीण हॅलेटबाई स्वतः दारात आल्या. चौकांची फेरी मिळाल्यापासून त्या तिच्याकडून दूध घेत होत्या, आणि हसताना सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच असे. आज त्यांनी भांडं पुढं केलं, दूध घेतलं, आणि दार लावण्याआधी त्यात बोट बुडवून जिभेला लावलं. असं त्यांनी कधीच केलं नव्हतं. हसणाऱ्या माणसाला दूध चाखायचं सुचत नाही.

"पाणी आहे यात," हॅलेटबाई म्हणाल्या.

गोठ्यामागं एक पंप होता. त्याचा दांडा काळा म्हणून दूधवाल्या त्याला काळी गाय म्हणत. सगळ्या गाईंपेक्षा ती जास्त दूध देते असं म्हणून हसत, आणि पहाटे निघताना प्रत्येकीची बादली टॅप्सेलबाई स्वतः तिथं धरत. अशा वेळी काय म्हणायचं हे प्रत्येक दूधवालीला ठाऊक असतं. गाय ओल्या गवतावर होती बाई, शपथेवर सांगते.

"आहे," लाउरी म्हणाली. "नेहमीच असतं. माझ्याकडून इतके दिवस हेच घेताय तुम्ही."

हॅलेटबाईंनी मान वर करून तिच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, कपाळाला आठी घालून, हिला कुठं पाहिलंय ते आठवत असावं तसं. लाउरी दोन्ही हात कावडीच्या दोऱ्यांवर ठेवून त्यांच्यासमोर उभी राहिली, हलली नाही. आठी तशीच राहिली. त्यांना काही सापडलं नाही.

"तुझ्याकडून कधी घेतलं मी?" त्या म्हणाल्या, आणि भांड्यातलं दूध तिच्या बादलीत परत ओतलं.